लस टोंचण्यापूर्वींचें बोलणें



दीड महिन्यांचें बाळ छातीशीं धरून आई दवाखान्याच्या बांकावर बसलेली असते. समोरच्या टेबलावर लसींची पेटी, बर्फाच्या पिशव्या आणि जाडजूड नोंदवही. परिचारिका नांव पुकारते, बाळाची मांडी धरावयास सांगते, सुई टोंचते, कार्डावर तारीख घालते आणि पुढचें नांव पुकारते. दोनतीन मिनिटांचा हा व्यवहार. ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांना तो पाठच असेल. बहुतेक आयांना तेवढीं मिनिटें पुरतातही. मी आज बोलणार आहें तें उरलेल्या आयांविषयीं, ज्या बांकावर येऊन बसतात पण नांव पुकारल्यावर उठत नाहींत. आणि त्यांच्यापुढें काय बोलावें हें न सुचून उभ्या राहणाऱ्या परिचारिकेविषयीं.

परिचारिकांना शिकविणें हा माझा व्यवसाय आहे. लस २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत कशी ठेवावी, गोवर-रूबेलाची लस पातळ केल्यावर कुपीवर वेळ लिहून चार तासांनंतर ती कशी टाकून द्यावी, क्षयाची लस डाव्या दंडावर कातडीच्या आंत किती हलक्या हातानें द्यावी, हें सर्व आम्ही शिकवितों आणि त्याची परीक्षाही घेतों. परंतु "आज राहूं द्या बाई" असें म्हणणाऱ्या आईशीं काय बोलावें, याचा तास आमच्या वेळापत्रकांत पुष्कळ वर्षें नव्हता. तें ज्याचें त्याला येतें, अशी समजूत होती. मला तें येत नव्हतें. आणि येत नाहीं हेंही ठाऊक नव्हतें.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं नागपुरांतल्याच एका वस्तींत मी लसीकरणाला जात असें. एका दुपारीं नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन एक बाई आली. गोवराच्या सुईची वेळ होती. नांव पुकारलें, तर ती जागची हलेना. "आज नको जी बाई, पुढच्या टायमाले पाहू," एवढेंच म्हणाली. उन्हाचा कडाका, मागें बायांची रांग, आणि मी बावीस वर्षांची! "पुढच्या वेळेपर्यंत गोवर तुझ्यासाठीं थांबून राहणार आहे का? पोराची काळजी नसेल तर येतेस कशाला?" असें मीं सर्वांच्या देखत म्हटलें. दोघीतिघी हंसल्या. तिनें पदर सांवरला, मूल उचललें आणि ती निघून गेली. नोंदवहींत तिच्या मुलाच्या नांवापुढचा चौकोन कोरा राहिला. त्या दिवशीं मला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. उलट आपण स्पष्ट बोललों याचें थोडें समाधानच वाटलें असावें.

वर्ष-दीड वर्षानें माझी नेमणूक मुलांच्या विभागांत असतांना तें मूल तेथें आलें. अंगावरचे गोवराचे चट्टे काळे पडत चालले होते आणि लोहाराचा भाता हलावा तसा श्वास चालला होता. गोवराच्या पाठोपाठ फुफ्फुसाला सूज येते ती अशी. मूल वांचलें, हें आधींच सांगून टाकतें. बाईनें मला ओळखलें नाहीं, किंवा ओळख दाखविली नाहीं. एका रात्रीं बाळाचा ताप उतरल्यावर ती आपण होऊनच बोलूं लागली. तिच्या थोरल्या मुलीला पूर्वीं एका सुईनंतर सणकून ताप भरला होता आणि झटका आला होता. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मुलगी सांवरली, पण घरांत सगळ्यांनीं दोष दिला तो आईला, आणि धाकट्याच्या वेळीं सुईचें नांव काढावयाचें नाहीं अशी सासूनें ताकीद दिली. "तरी मी आली होती जी," ती म्हणाली. "वाटलं, सिस्टरबाईले पुसून पाहीन. पन कोनी पुसूच देल्लं नाही."

ज्याला मी हट्ट समजलें होतें तो प्रश्न होता. जिला लस नकोच असते ती भर उन्हांत मूल काखेला मारून बांकावर येऊन कशाला बसेल? आणि प्रश्नही अगदीं योग्य. लहान मुलांना कोणत्याही कारणानें चढलेल्या तापांत असा झटका येऊं शकतो, व बहुधा त्यानें कायमची इजा होत नाहीं. तथापि अशी हकीकत घरांत घडली असेल तर पुढची सुई देण्यापूर्वीं ती डॉक्टरांच्या कानावर घालावयाची असते. मीं विचारलें असतें तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जाणें हें माझें कामच होतें. मीं विचारलें नाहीं.

अशा आयांना अडाणी ठरविण्याची रीत फार जुनी आहे. १८०२ सालीं, जूनच्या १४ तारखेस, मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोंचली गेली आणि ती लागू पडली; हिंदुस्थानांतली ही पहिली. त्या काळीं लस कुपींतून येत नसे. टोंचलेल्या मुलाच्या फोडांतला द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडांत घालीत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. कोणा परक्या मुलाच्या फोडांतलें पाणी आपल्या मुलाच्या अंगांत जातें हें पाहून एखादी आई मागें सरली, तर तिच्या मनांत जातिपातीचा विचार असेलही. पण दुसरा रोग लागण्याची भीति कांहीं निराधार नव्हती. दंडावरून दंडावर गेलेल्या लसीबरोबर इतर रोगही गेल्याचीं उदाहरणें युरोपांतच नमूद झालेलीं आहेत. पुढें १८८० च्या कायद्यानें नगरपालिकांच्या हद्दींत लसीची सक्ती करण्याची सोय झाली. माझी आजी सांगे, गांवांत 'देवी डॉक्टर' आला कीं बाया मुलांना कणगीमागें दडवीत. रोगाचें नांव देवी, टोंचलें तर म्हणावयाचें 'देवी काढल्या', आणि काढणाराही देवी डॉक्टर! भाषेनें तिघांना एका घरांत नांदविलें; माणसांना तें जमावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. भारतांतला देवीचा अखेरचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला, आणि १९८० सालीं हा रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें. हें लसीनें झालें यांत शंका नाहीं. परंतु त्या शेवटच्या मोहिमेंत कोठें कोठें दार ढकलून, हात धरून लस टोंचली गेली, हेंही तितकेंच खरें. आणि असे प्रसंग घरांतल्या आज्या पुढें पुष्कळ वर्षें सांगत राहतात.

आपल्या नागपुरानें दुसरी रीतही पाहिलेली आहे. लहान वयांतच वैधव्य आलेल्या कमलाबाई होस्पेट यांनीं येथल्या डफरिन रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेतलें, आणि १९२१ सालीं वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघाची स्थापना केली. घराबाहेर बाळंत होण्यास बाया धजत नव्हत्या असा तो काळ. त्या बायांना कायद्यानें प्रसूतिगृहांत आणतां आलें नसतें. एका घरची बाळंतीण सुखरूप परत आली, तिला तेथें कोणी टाकून बोललें नाहीं असें शेजारणीला कळलें, कीं शेजारीण येते; त्या कामाची वाढ अशीच झाली असली पाहिजे, असें मला वाटतें. १९६१ सालीं कमलाबाईंना पद्मश्री मिळाली. आमच्या विद्यार्थिनींना हें नांव ठाऊक असतें, पण सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरतें.

आतां वर्गांत आम्ही काय करतों तें सांगतें. तिघी तिघींचे गट पाडतों. एक आई होते, दुसरी परिचारिका, आणि तिसरी हातांत घड्याळ घेऊन नुसती बसते. कोण किती वेळ बोललें एवढेंच तिनें टिपावयाचें. पहिल्या दिवशीं बहुतेक असें दिसतें, कीं पांच मिनिटांच्या बोलण्यांत आईच्या वांट्याला अर्धें मिनिटही आलेलें नाहीं. आई होणारीच्या कानांत मीं एक कारण आधींच सांगून ठेवलेलें असतें: नवरा रागावेल, मागच्या वेळीं ताप आला आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली, शेजारच्या मुलाच्या मांडीला गांठ आली. तें कारण परिचारिकेनें काढून घ्यावयाचें. मुली रंगून जातात. एक मुलगी सासूचें काम इतकें बेमालूम करते, कीं तिच्या मैत्रिणींनीं तिला सुट्टींतही 'आजी' म्हणावयास सुरुवात केली आहे.

या खेळांत एकच शब्द मना आहे. तो म्हणजे "कां?" आपल्याकडचें "काहून?" "काहून नाही म्हणता?" हें कितीही गोड स्वरांत विचारा, ऐकणाराला तें पोलिसचौकीवरचेंच वाटतें, आणि तो सफाई देऊं लागतो किंवा गप्प बसतो. त्याऐवजीं "काय ऐकलं तुम्ही या सुईबद्दल?" "घरांत कोणाला धाकधूक वाटते?" असें विचारावें. उत्तर आलें कीं तें आपल्या शब्दांत तिला परत सांगावें, म्हणजे आपण ऐकलें हें तिला कळतें. मग "मला ठाऊक आहे तें सांगूं का?" अशी परवानगी घेऊन एक गोष्ट सांगावी, एकच. आणि पुन्हा विचारावें, "आतां कसं वाटतं?" ही पद्धति आमच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८३ सालीं ती मांडली ती दारूच्या आहारीं गेलेल्यांसाठीं. जितका वाद घालावा तितका माणूस आपल्याच बाजूला घट्ट धरून बसतो, हें त्याचें निरीक्षण. कॅनडांतल्या क्वेबेक प्रांतांत हीच रीत बाळंतिणींशीं लसीविषयीं बोलण्याकरितां वापरली गेली, आणि तीही प्रसूतिगृहांतच, पहिल्या लसींची वेळ येण्याच्या कितीतरी आधीं.

तुम्ही म्हणाल, हें सर्व वस्त्यांतल्या बायांसाठीं. तसें नाहीं. माझ्या विद्यार्थिनींना सर्वांत अधिक भीति वाटते ती धंतोलींतल्या किंवा रामदासपेठेंतल्या शिकलेल्या आईची. ती हातांतल्या फोनवर आलेला मजकूर पुढें करते आणि विचारते, "एवढ्या लसी एका दिवशीं कशाला?" २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांत गोवर-रूबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हां अशा मजकुरांचा पाऊस चांगल्या सुशिक्षित घरांतच अधिक पडला, असा माझा अनुभव आहे. लसीनें मुलें आत्ममग्न होतात ही समजूत १९९८ सालच्या एका इंग्रजी निबंधावरून पसरली. तो निबंध अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता आणि २०१० सालीं तो छापणाऱ्या नियतकालिकानेंच मागें घेतला. परंतु मागें घेतल्याची बातमी मूळ बातमीइतकी दूर जात नाहीं. अशा आईपुढें परिचारिका दबते आणि "तुमची मर्जी" म्हणून मोकळी होते. तें सौजन्य नव्हे. सिअ‍ॅटल येथें डॉक्टर आणि आईबाप यांच्यांतलीं लसीविषयींचीं १११ संभाषणें चित्रित करून अभ्यासण्यांत आलीं. २०१३ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. "आज या या लसी द्यावयाच्या आहेत" असा आरंभ केला तर थोडेच पालक अडले, "तुमचा काय विचार आहे?" असा केला तर बहुतेक अडले, आणि अडलेल्यांपुढें डॉक्टरांनीं आपलें म्हणणें न सोडतां पुन्हा मांडलें, तेव्हां जवळजवळ अर्धे राजी झाले. आमच्याकडे आरंभ खणखणीतच होतो, तो शिकवावा लागत नाहीं. आई अडल्यानंतर उतावीळही व्हावयाचें नाहीं आणि पाठही फिरवावयाची नाहीं, तेथें आमचें शिक्षण कमी पडतें.

खरें बोलण्याचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पंचगुणी लस देतात, ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, एक प्रकारची कावीळ आणि हिब नांवाच्या जंतूंमुळें होणारे मेंदूज्वरासारखे आजार यांपासून बाळाला राखते. तिच्यानंतर एकदोन दिवस ताप येणें, मांडी दुखणें, हें नेहमींचें आहे. क्षयाच्या लसीच्या जागीं कांहीं आठवड्यांनीं फोड येतो, क्वचित् पिकतो, आणि वण ठेवून बरा होतो. गोवराच्या लसीनें ताप आलाच तर तो आठवड्यानें वगैरे येतो. विद्यार्थिनी विचारतात, हें आधींच सांगितलें तर आई घाबरून परत नाहीं का जाणार? एखादी जाईलही. पण न सांगतां पाठविलेली आई रात्रीं दोन वाजतां तापलेलें बाळ मांडीवर घेऊन बसते, तेव्हां तिला ताप दिसत नाहीं, फसवणूक दिसते. आणि ती ही गोष्ट चाळींतल्या दहा जणींना सांगते. म्हणूनच सरकारी शिकवणींत प्रत्येक सुईबरोबर चार गोष्टी सांगण्याचा दंडक आहे: कोणती लस दिली व ती कशापासून राखते, काय त्रास होऊं शकतो व तेव्हां काय करावें, पुढें केव्हां यावयाचें, आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळीं आणावयाचें. गर्दींत शेवटच्या दोनच सांगितल्या जातात. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात तो वेळ बहुधा फुकट जातो. पहिल्या दोन गोष्टी त्या अर्ध्या तासांत निवांतपणें सांगतां येतात.

चूक आपल्या बाजूची असते तेव्हां तर बोलण्याची खरी कसोटी लागते. ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतल्या घाटंजी तालुक्यांत बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजीं हात धुण्याचें जंतुनाशक पाजलें गेलें. मुलांना रुग्णालयांत ठेवावें लागलें; सुदैवानें सगळीं बरीं झालीं. यवतमाळ आम्हांला कांहीं परकें नाहीं. ती बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याही वस्त्यांत पोंचली, आणि "या थेंबांत काय आहे?" असें आया विचारूं लागल्या. वर्गांत मीं हाच प्रश्न घातला. एक म्हणाली, "आमच्याकडे असें होत नाहीं, असें सांगावें." दुसरी म्हणाली, "त्याबद्दल बोलणेंच टाळावें." मागच्या बांकावरची एक मुलगी, जी एरवीं तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "मी कुपी त्यांच्या हातांत देईन." आणि तेंच आम्ही ठरविलें. पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर एक लहानसें वर्तुळ असतें व त्याच्या आंत एक चौकोन. आंतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षां फिकट असेल तोंवर लस चांगली. उष्णतेनें तो गडद होऊन वर्तुळाच्या रंगाचा झाला कीं ती लस द्यावयाची नाहीं. हें लिहितां-वाचतां न येणाऱ्या आजीलाही दाखवितां येतें. "होय, तशी चूक झाली होती. म्हणून आधीं तुम्ही पाहा, मग मी थेंब देतें," हें वाक्य आमच्या मुली आतां न अडखळतां बोलतात.

परिचारिकेच्या स्वत:च्या मनाचें काय, हा प्रश्न आम्हांला २०२१ च्या जानेवारीपर्यंत पडलाच नव्हता. त्या महिन्याच्या १६ तारखेस करोनाची लस आली आणि ती प्रथम आम्हांलाच मिळावयाची होती. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यांतल्या चांचणीचे निष्कर्ष तेव्हां यावयाचे होते आणि ती लस संमतिपत्र घेऊन दिली जात होती. माझ्या सहकारिणींपैकीं कित्येक जणी मागेंपुढें पाहूं लागल्या. वर्षानुवर्षें दुसऱ्यांना सुया टोंचणाऱ्या या बाया एकमेकींना हळूच विचारीत, "तूं घेतलीस का?" बांकावर बसलेल्या बाईच्या जागीं आम्ही आलों होतों. वरून हुकूम आला, त्यानें कुजबूज थांबली नाहीं. एका वरिष्ठ बाई चहाच्या वेळीं येऊन बसल्या. "मलाही धाकधूक आहे, मीं काय काय वाचलें तें सांगूं का?" असें म्हणाल्या, त्यानें ती पुष्कळ थांबली. तेव्हांपासून माझा पहिला तास विद्यार्थिनींच्या स्वत:च्या शंकांचा असतो. ज्या मुलीला आपली शंका कोणाला बोलून दाखवितां आलेली नाहीं, ती दुसरीची शंका ऐकूं लागली कीं अस्वस्थ होते आणि घाईनें झांकूं पाहते.

बोलण्यानें सर्व कांहीं साधतें असें मात्र कोणी समजूं नये. वीटभट्टीवर काम करणारें कुटुंब दर हंगामांत गांव बदलतें; त्याचें नांव कोणत्याच यादींत राहत नाहीं. लसीकरणाची वेळ आणि रोजगाराची वेळ एकच असली तर आईला संकोच नसतो, तिला सवड नसते. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच रकान्यांत 'नकार' म्हणून लिहीत होतों. आतां तो रकाना खोडून तेथें 'काय म्हणाली' असें लिहावयास आमच्या मुलींना मीं सांगितलें आहे. नोंदवही सरकारी आहे. वरचे अधिकारी रागावतील तेव्हां पाहूं.

गेल्या पावसाळ्यांत माझी एक विद्यार्थिनी अडीच महिन्यांच्या बाळाच्या आईशीं दहा मिनिटें बोलली, आणि तरीही ती आई सुई न घेतां गेली. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, मी नापास ना?" मीं तिची वही पाहिली. त्या रकान्यांत लिहिलें होतें: "सासूबाईंना विचारायचं आहे. दंडावरचा फोड पिकला म्हणून त्यांनीं नको म्हटलं. फोड येतोच, हें सुनेला सांगितलं. सासूबाई रोज सकाळीं गोकुळपेठेंत भाजी विकतात." दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती गोकुळपेठेच्या बाजारांत मेथीची एक जुडी हातांत घेऊन बराच वेळ उभी होती, असें तिच्या मैत्रिणींकडून मला कळलें. आजीबाई आल्या त्या पुढच्या खेपेस, नातवाला कडेवर घेऊन. सून मागें होती. त्यांनीं आल्या आल्या त्याची बाही वर सारली, वाळत आलेला तो फोड मला दाखविला आणि विचारलें, "हे पाहा जी. ते पोरगी म्हने, हे असंच होते. होय का?"